निळ्या झाकणाची बाटली

मिस्त्रीने जुना फिल्टर उतरवला, त्यातलं उरलंसुरलं तेल खालच्या थाळीत ओघळू दिलं आणि मान न वळवताच डावा हात मागे नेला. पेटी तिथेच होती. गेली चाळीस वर्षं ती त्याच्या डाव्या हाताला, वीतभर मागे असते; बोट कुणाचीही असो, इंजिन कुठलंही असो. पेटीत मापाप्रमाणे लावलेले पाने, धुऊन घडी घातलेल्या चिंध्या आणि कोपऱ्यात निळ्या झाकणाची बाटली.

"मिस्त्री, झालं का?" वरून कुणीतरी ओरडलं. "निरीक्षकसाहेब घड्याळ बघतायत."

"बघू दे. घड्याळ बघून आटे बसत नाहीत."

बोलता बोलता त्याने बाटलीतून नवा फिल्टर काठोकाठ भरला, न सांडता जागेवर चढवला, हाताने घट्ट केला आणि वर पाऊण फेरा दिला. मग बाटलीला झाकण लावून ती पेटीत परत ठेवली. ठेवताना, सवयीने, पेटीत सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. परवा कुणीतरी पेटीला हात लावला होता. बाटली उघडली तर आत भलताच वास. त्याने शेडभर डोळे वटारून पाहिलं, कुणी नजर चुकवली नाही, तेव्हा मनातल्या मनात सगळ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली, बाटली साबणाने धुतली आणि शेजारच्या धक्क्यावरच्या मित्राकडून नव्याने भरून आणली. बायकोच्या डब्यांना आणि मिस्त्रीच्या पेटीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढे दोनच नियम त्याच्या घरात होते.

निरीक्षक शिडी उतरून खाली आला. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने पाठवलेला हा बुटका, काटेकोर माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायचा. त्याच्या बॅगेत शिशाची सीलं, तारेचं भेंडोळं आणि खाऱ्या बिस्किटांचा पुडा असायचा. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली, मग उलट दिशेने दुसरी.

"आता यात पुन्हा हात घालायचा नाही, मिस्त्री."

"घालायला काही शिल्लकच नाही."

"सील तुटलं तर सगळं पहिल्यापासून. टाक्या, नमुने, प्रयोगशाळेचा अहवाल. दोन दिवस मोडतात."

"माहीत आहे हो. तुम्ही कालही सांगितलंत."

"मी दोनदाच सांगतो," निरीक्षक म्हणाला आणि दोघं वर आल्यावर इंजिनरूमच्या झाकणाच्या कडीतून त्याने तार ओवली. शिशाचा मणी चिमट्यात दाबला. साडेअकरा वाजले होते. पाचच्या भरतीला बोट सुटायची होती.

बोट म्हणजे तरी काय, तीन सुया शेजारी शेजारी ठेवून वरून पत्रा टाकावा तशी. मधली सुई लांब, बाजूच्या दोन आखूड. इंजिनाच्या जोरावर पृथ्वीला वळसा घालायचा, आजवर कुणी घातला नाही इतक्या कमी दिवसांत घालायचा, म्हणून ती बांधलेली. पण बंदरावरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'कढई' ठेवलं, कारण ती चालायची तळणाच्या तेलावर. हॉटेलं, कँटीनं, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, सगळीकडचं तळून काळवंडलेलं तेल गोळा करायचं, गाळायचं, प्रयोगशाळेत त्याच्यावर सगळे सोपस्कार करायचे आणि निघालेलं इंधन टाकीत भरायचं. धुरालाही तळणाचाच वास. बोट गोदीतून निघाली की काठावरची कुत्री आशेने तिच्याबरोबर पळत शेवटच्या खुंटापर्यंत जायची.

हे इंधन मिस्त्रीच्या लेकीने तयार केलं होतं. आठ वर्षं ती त्याच्यामागे होती. बोटीच्या दोन्ही अंगांना हातभर उंचीची अक्षरं रंगवून घेतली होती ती तिनेच: 'खनिज तेलाचा एक थेंबही नाही.' वाटेतल्या चार बंदरांवर तिने आपल्या इंधनाची पिंपं आधीच पोचती केली होती. टाकीत अकरा हजार लिटर भरून झालं, तेव्हा पिंपाच्या तळाशी राहिलेला वाटीभर ऐवज ती बराच वेळ उन्हाकडे धरून बघत बसली होती. ते मिस्त्रीने शेडच्या दारातून पाहिलं होतं आणि खोकून आत शिरण्याऐवजी बाहेरूनच परत फिरला होता.

खरं तर पोरीने त्याचं वर्कशॉप चालवावं, अशी त्याची फार इच्छा होती. लहानपणी ती पेटीशेजारी बसायची, पाने ओळखायची. मग ती शिकायला गेली आणि बाटल्या-नळ्यांत रमली. "डिझेल संपणार आहे, बाबा," असं एकदा म्हणाली. "मी आधी संपेन," असं त्याने तोडून टाकलं. त्यानंतर कित्येक वर्षं बापलेक एकमेकांशी तब्येत आणि हवामान यापलीकडे बोलले नव्हते. चार महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. नव्या इंधनाने फिल्टर सारखे तुंबतात, इंजिन मध्येच धाप टाकतं, मोठमोठे इंजिनियर येऊन गेले, कुणाला काही उमगत नाही. "बाबा, याल का?" लेकीने याआधी आपल्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने शटर ओढलं आणि तासाभरात तो शेडमध्ये हजर झाला. पाचव्या दिवशी इंजिन सुरळीत चालू लागलं.

आता फक्त सुटायचं होतं. कप्तान सकाळपासून दर अर्ध्या तासाने हवामानाचा नकाशा उघडत होता. समुद्र सध्या शांत होता, पुढे वादळांची रांग लागली होती. आज सुटलं तर त्यांच्या पुढे निघून जाता येईल. दोन दिवसांनी सुटलं तर एखादं गाठणारच, आणि एकदा लाटांशी झुंजायला लागलं की इंधन दुप्पट जातं. पुढच्या महिन्यात शेड रिकामी करायची होती, माणसं आपापल्या नोकऱ्यांवर परतणार होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं एवढंच.

मिस्त्री जेवायला घरी गेला. घर बंदरामागच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची पट्टी दिसायची. वारा पडलेला होता; खिडकीचा पडदा सरळ लोंबत होता, जराही हलत नव्हता.

त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. बायको टॉवेल घेऊन उभीच होती. त्याने हात पुसून टॉवेल परत दिला, तसा तिने तो नाकाजवळ नेला आणि हसली.

"चला, आज माझा नवरा घरी आला म्हणायचा."

"म्हणजे? रोज कोण येतो?"

"रोज कुठला तरी आचारी येतो. चार महिने झाले, नुसता तळणाचा वास. उशीलासुद्धा. आज कसा ओळखीचा वास आला."

"कसला?"

"कसला काय विचारता? डिझेलचा. लग्न झाल्यापासून तोच तर हुंगतेय."

ती ताट वाढायला वळली. मिस्त्रीने उजव्या हाताची बोटं नाकाशी धरली. साबणाचा वास होता, आणि त्याच्याखाली तो होता. चाळीस वर्षांत त्याला तो वास म्हणून कधी जाणवलाच नव्हता. स्वतःच्या घराचा वास माणसाला कुठे येतो?

तो पाटावर बसला. पहिला घास तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला.

नवा फिल्टर कोरडा चढवला तर नळीत हवा अडकते आणि इंजिन दोन मिनिटांत मान टाकतं. म्हणून फिल्टर आधी भरून घ्यायचा, मग चढवायचा. हे मिस्त्रीला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि त्यासाठीच डिझेलची ती बाटली पेटीत असायची. किती हजार वेळा त्याने तसं केलं असेल, देव जाणे. या बोटीवर मात्र लेकीने त्याला एक बटण दाखवलं होतं. फिल्टर कोरडाच चढवायचा, बटण दाबायचं, छोटा पंप टाकीतलं इंधन खेचून फिल्टर आपोआप भरतो. चार महिने तो बटणच दाबत आला होता. पण चार महिने लेक कायम शेजारी असायची. आज ती वर कागद बघत होती, निरीक्षक घड्याळ बघत होता आणि हाका सुरू होत्या. बटणाचं डोक्याला ठाऊक होतं. हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

बाटली काढली होती. झाकण फिरवलं होतं. भरला होता काठोकाठ. स्वतःच्या हातांचं सगळं काम त्याला आता, घास तोंडात असताना, लख्ख दिसत होतं.

"अळणी आहे का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग?"

"एक थेंब म्हणजे किती गं?"

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कशाचा आणि कशात, त्यावर आहे. आमटीत पाण्याचा पडला तर कोण विचारतंय? दुधात मिठाचा खडा पडला तर पातेलं वाया."

"पण खडा दिसत नाही ना कुणाला."

"दिसत नाही. दूध नासल्यावर कळतं. अहो, पण झालंय काय?"

"काही नाही. पाना विसरलो बोटीवर." तो उठला.

चाळीस वर्षांत हा माणूस एकही पाना विसरला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने भरल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि तो जिना उतरेपर्यंत दारात उभी राहिली.

उतार संपेपर्यंत मिस्त्रीने स्वतःला चार वेळा निर्दोष सोडलं. अर्धा लिटर. अकरा हजारांत अर्धा लिटर. इंजिन सुरू केलं की लाटा अडवणारा बांध ओलांडायच्या आत तो जळून जाईल, धूर होऊन वर जाईल, आणि धुराचं कोण सील करतं? नमुने टाकीतून घेतलेले, ते शुद्धच निघणार. पाहिलं कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगून काय होणार? सील तुटणार, दोन दिवस जाणार, वादळ येणार, पोरीची आठ वर्षं त्याच्या एका बाटलीत बुडणार. तिने आयुष्यात एकदाच बापाला बोलावलं आणि बापाने येऊन हे केलं, असं होणार.

चौथ्यांदा निर्दोष सुटल्यावर तो वळणावर थांबला. तिथून बोट दिसायची, आणि बोटीवरची अक्षरंही. ती एवढी मोठी कशाला रंगवलीस, असं त्याने तिला विचारलं होतं. "बाबा, लोक हसतात ना, म्हणून," ती म्हणाली होती. "लहान अक्षरात खोटं बोलता येतं. एवढ्या मोठ्या अक्षरात जमत नाही." तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला होता.

धक्क्यावर पाचपन्नास माणसं जमली होती. निरीक्षकाने एका घडीच्या टेबलावर कागद मांडले होते आणि ते उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर चार बिस्किटं ठेवली होती. वारा मात्र औषधालाही नव्हता. लेक इस्त्रीचा शर्ट घालून शिडीपाशी उभी होती. तिला नीटनेटकं पाहून मिस्त्रीला उगाचच तिच्या शाळेचा पहिला दिवस आठवला.

"पोरी, जरा इकडे ये."

तो तिला रिकाम्या पिंपांच्या आडोशाला घेऊन गेला. कसं सांगायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण त्यातलं एक अक्षर आठवेना.

"सकाळी फिल्टर बदलला ना," तो म्हणाला. "बटण नाही दाबलं मी. भरून चढवला."

"भरून? कशाने?"

"पेटीतल्या बाटलीने."

तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने विचारलं, "कुठल्या? त्या निळ्या झाकणाच्या?"

"दुसरी कुठली आहे माझ्याकडे?"

आणि लेक हसली. आधी थोडं, मग तोंडावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एक हात तिने त्याच्या खांद्यावर टाकला. असा हात तिने केव्हा टाकला होता ते त्याला सांगता आलं नसतं.

"बाबा, तुमचे हात मला माहीत नाहीत का? तुम्हाला शंभर वेळा बटण दाखवलं तरी हात पेटीकडे जाणार, हे काय मला कळत नव्हतं? ज्या दिवशी टाक्या भरल्या, त्याच दिवशी मी ती बाटली रिकामी केली आणि माझं इंधन भरून ठेवलं. तुम्हाला सांगितलं असतं तर पेटीला हात लावला म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. म्हणून बोलले नाही." तिने डोळे पुसले. "कसली घाबरले मी! चला, सह्या करायच्यात."

कप्तानाने हाक मारली तशी ती गेली. जाताना एका पिंपावर तिने टिचकी मारली. पिंप रिकामं होतं, ते बराच वेळ घुमत राहिलं.

मिस्त्री तिथेच उभा होता. भलता वास. म्हणजे तो वास तळणाचा होता तर. शेडच्या हवेतच तो इतका मुरलेला की बाटलीत तो कुठून आला, एवढा विचारही त्याने केला नव्हता. पेटीला कुणी हात लावला, एवढंच त्याच्या डोक्यात गेलं होतं. पोरीने बापाच्या चुकीची आठवडाभर आधी सोय करून ठेवली होती आणि बापाने ती साबणाने धुऊन टाकली होती.

आता तर काहीच करायला नको होतं. नुसतं गप्प बसायचं. तिचं मन साफ होतं, ती सही करणार ती खरी मानूनच करणार. सांगायला आला होता तेही त्याने सांगितलं होतं. ऐकणारीने माफही केलं होतं. देवाने समोरून दार उघडून धरावं आणि म्हणावं जा बाबा, असंच सगळं.

"मिस्त्री, तुमची एक सही," निरीक्षक म्हणाला.

त्याने चष्मा लावला. कागदावर लेकीची सही झालेली होती, वळणदार, शेवटचं अक्षर जरा वर उडालेलं. तिच्या सहीखाली त्याच्यासाठी जागा होती. टाक्या, नळ्या, पंप आणि फिल्टर यांत माझ्या माहितीप्रमाणे खनिज तेलाचा अंश नाही, असं लिहिलेलं. त्याने ते एकदा वाचलं, मग निरीक्षकासारखं दुसऱ्यांदा वाचलं. फिल्टर हा शब्द दोन्ही वेळा तिथे होता.

त्याने पेन कागदावर टेकवलं. मग उचललं आणि टोपण लावलं.

"पोरी, ती बाटली मी धुतली."

"बाबा, नंतर बोलू. सही करा आधी."

"परवा धुतली. वेगळा वास आला म्हणून. मला वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. धुतली, आणि डिझेल भरून आणलं."

 लेक त्याच्याकडे बघत होती. क्षणभर तिच्या डोळ्यांत 'कशाला सांगितलंत?' एवढंच आलं. ते त्याला दिसलं, आणि त्याला दिसलं हे तिलाही कळलं. तिने नजर खाली केली.

कप्तान पुढे झाला. "किती? अर्धा लिटर? अहो, दोर सोडेपर्यंत जळून जाईल ते! अर्ध्या लिटरने काय होतंय?" मग तो निरीक्षकाकडे वळला. "साहेब, तुम्ही काही ऐकलं नाहीत."

"ऐकलं," निरीक्षक हळूच म्हणाला. त्याने एका कोपऱ्यावरचं बिस्कीट उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं. "पण इंधनाची जबाबदारी बाईंची आहे. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

 लेकीने मान वर करून बोटीकडे पाहिलं. इतक्या जवळून आख्खं वाक्य दिसत नव्हतं, एकेक अक्षरच दिसत होतं. मग ती शिडीपाशी ठेवलेल्या मिस्त्रीच्या पेटीकडे गेली, खाली बसली आणि पेटी उघडली. तार कापायची पक्कड कुठे असते ते तिला शोधावं लागलं नाही. लहानपणापासून ती जागा बदललेली नव्हती. पेटीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आज त्याने अडवलं नाही.

ती शिडी चढली. थोड्या वेळाने वरून 'कट' असा बारीक आवाज आला. एवढी माणसं असून तो सगळ्यांना ऐकू गेला.

कप्तानाने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "दोन दिवस," तो समुद्राकडे बघत म्हणाला.

"एकदम दोन नाही," निरीक्षक कागद गोळा करत म्हणाला. "आत्ता सुरू केलं तर एक्केचाळीस तास. मी झोपलो नाही तर." आणि त्याने कोपऱ्यांवरची चारही बिस्किटं एकामागून एक खाऊन टाकली, जणू आता पुढच्या कामाची शिदोरीच.

इंजिनरूममध्ये बापलेक तीन तास होते. त्याने फिल्टर उतरवला, तिने तो जसाच्या तसा काचेच्या बरणीत रिकामा करून निरीक्षकाच्या हाती दिला. मग सगळ्या नळ्या सोडवल्या, धुतल्या, पुन्हा जोडल्या. पहिला तासभर दोघंही पाने आणि चिंध्या यांच्यापलीकडे बोलले नाहीत.

"पेटीला हात लावायच्या आधी विचारायचं," शेवटी तो म्हणाला.

"विचारलं असतं तर दिली असतीत बाटली?"

"नसती."

"बरं. आणि तुम्ही धुतलीत तेव्हा मला सांगायचं."

"सांगायला हवं होतं." त्याने एक नळी चिंधीने पुसली, पुन्हा पुसली. "तुझ्यावरच ओरडलो असतो पण."

"ओरडायचं होतंत. बोट सुटली असती."

  तिने नवा, कोरडा फिल्टर त्याच्या हातात दिला. त्याने तो तसाच चढवला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"दाबा," ती म्हणाली.

"तू दाब."

"तुम्ही दाबा, बाबा. तुमच्याच हाताला सवय व्हायला हवी."

त्याने बटण दाबलं. पंप गुणगुणू लागला, काचेच्या नळीतून बुडबुडे वर आले, कमी झाले, थांबले. पिवळं, स्वच्छ इंधन नळीत भरून राहिलं. त्यातलं थोडं तिने निळ्या झाकणाच्या बाटलीत भरलं आणि बाटली पेटीच्या कोपऱ्यात, तिच्या जागी, त्याच्या देखत ठेवली.

दिवेलागणीला दोघं घरी आले तेव्हा बायको दारातच होती. बोट गेली नाही हे तिने खिडकीतून पाहिलं असणार. तिने झाकलेलं ताट बाजूला केलं, नवी दोन ताटं घेतली. लेक कित्येक महिन्यांनी या घरात जेवायला बसत होती, आणि तिच्या इस्त्रीच्या शर्टाची पार रया गेली होती.

मिस्त्रीने हात धुऊन टॉवेल परत दिला. बायकोने तो नाकाशी नेला.

"आला पुन्हा आचारी," ती म्हणाली.

"हो," मिस्त्री म्हणाला. "आता हाच येईल."

लेक जेवत होती. प्रत्येक घासाला तिचे डोळे समोरच्या खिडकीकडे जात होते. मिस्त्रीनेही त्या बाजूला पाहिलं. पडदा अजून सरळ लोंबत होता.